काजवे बघायला पहिल्यांदाच जाताय? मग काळोख सांभाळून जा

मे महिना निम्मा सरला की फोनवर तेच फोटो फिरायला लागतात, एका झाडावर असंख्य काजवे, मागे चांदण्यांनी भरलेलं आभाळ, खाली लिहिलेलं "मुंबईपासून फक्त चार तास", आणि मग ग्रुपवर ठरतं की येत्या शनिवारी निघायचं. जा, नक्की जा, सह्याद्रीत असं दुसरं काही बघायला मिळत नाही. पण एक गोष्ट निघायच्या आधी डोक्यात पक्की करा. किल्ल्यावर गाडीचा लाइट पडला तर किल्ल्याला काही होत नाही, काजव्याला होतं. त्या डोंगरात आज जी गोष्ट सगळ्यात वेगाने संपत चाललीये ती म्हणजे मिट्ट काळोख, आणि तो आपणच, काजव्यांवर प्रेम करणारी माणसंच, गाड्या भरभरून जाऊन संपवतोय. याचं मला मनापासून वाईट वाटतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, तारीख ठरवण्यापासून परत येईपर्यंत. मुख्यतः भंडारदऱ्याच्या बाजूचं लिहिलंय कारण बहुतेक जण तिकडेच जातात, पण पुरुषवाडी, राजमाची, प्रबळमाची, भीमाशंकर, कुठेही गेलात तरी वागायचं असंच आहे.

आधी काजवा म्हणजे काय ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढचे सगळे नियम यातूनच येतात.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातकुळीतला किडा. जगात त्याच्या दोन हजारांपेक्षा जास्त जाती आहेत. आपण जो चमकताना बघतो तो त्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा तुकडा, दोन-तीन आठवड्यांचा, त्याआधीचे कित्येक महिने तो अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्यात, ओलसर जागेत काढतो आणि गोगलगायी, गांडुळं असलं खाऊन वाढतो. म्हणजे भातशेतीच्या बांधावर गोगलगायींचा बंदोबस्त करणारा तो शेतकऱ्याचा मित्रच. पंख फुटल्यावर बऱ्याच जातींचे काजवे जवळपास काही खातच नाहीत, उरलेल्या दिवसांत एकच काम, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं.

आणि जोडीदार शोधायचं साधन म्हणजे तो प्रकाश. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि थंड उजेड पडतो, त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर आपल्या जातीच्या ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतात किंवा खालच्या फांदीवर बसून त्याला उत्तर देते. अख्खं झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं तेव्हा आपण "वॉव" म्हणतो, पण तिकडे त्यांची वर्षभराची सगळी खटपट पणाला लागलेली असते. आता अशा वेळी एका गाडीचा हेडलाइट त्या झाडावर पडला की काय होतं? चमकणं मंद होतं, थांबतं, नराची खूण मादीला दिसत नाही. एक गाडी गेली तर थोड्या वेळाने परत सुरू होतं, पण रात्रभर गाड्यांची रांगच लागली तर त्या रात्री तिथे जोड्या जमणं अवघड होऊन बसतं, आणि त्यांच्याकडे रात्री मोजक्याच असतात. पुढच्या वर्षी त्या झाडावर काजवे कमी दिसले तर कारण हे असू शकतं.

जगभरातल्या काजव्यांच्या अभ्यासकांना त्यांना कशाची भीती वाटते ते विचारून २०२० साली एक मोठा शोधनिबंध आला होता, त्यात सगळ्यात वर तीन गोष्टी होत्या: राहायची जागा नष्ट होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. आपल्याकडे यात वणवे धरा. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पेटतो तेव्हा पालापाचोळ्यातल्या अळ्या त्यातच जातात.

तारीख कशी ठरवायची

साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हा खेळ चालतो. नक्षत्रांच्या हिशोबाने सांगायचं तर रोहिणी लागते २५ मेच्या आसपास आणि मृग ७-८ जूनला, या दोन्हींच्या मधले दिवस सगळ्यात चांगले. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, हवा दमट झाली, वारा पडला की काजवे भरभरून निघतात. एकदा पाऊस धो धो लागून राहिला की संपलं. म्हणून महिनाभर आधी तारीख फिक्स करून बसण्यापेक्षा गावात ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांना फोन करून विचारा की "काजवा लागला का?" ते अगदी बरोबर सांगतात.

दुसरं बघायचं ते चंद्राचं. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या शोधा आणि तिच्या पुढचे-मागचे चार-पाच दिवस धरा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर काजवे असतील पण चांदण्यात फिके दिसतील.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, शनिवार-रविवार टाळा. हात जोडून सांगते, टाळा. सोमवार ते गुरुवार मधली एखादी रात्र काढा, एक दिवस रजा टाका. वीकेंडला भंडारदऱ्याच्या शेंडी गावापासून पुढे धरणाच्या भोवतीच्या रिंगरोडवर गाडीला गाडी लागते, हॉर्न, शिव्या, हेडलाइट, सगळ्या दरीत उजेड, त्यात काजवे दिसत तर नाहीतच पण आपली गाडी त्या उजेडात भर घालते ती वेगळीच. त्यातून आता जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईकरांना भंडारदऱ्याच्या वाटेवरचं इगतपुरी अजूनच जवळ आलंय, गर्दी वाढणारच आहे. ज्यांना रजा मिळतच नाही त्यांनी भंडारदऱ्याऐवजी दुसरी जागा बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, ते पुढे लिहिलंय.

कुठे जायचं

भंडारदरा म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. प्रवरेवरचं ब्रिटिशांच्या काळातलं धरण, त्याच्या कडेकडेने शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे, मुरशेत अशी गावं. बहुतेक गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. ह्यातला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली घोषित झालेलं, सुमारे ३६० चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपण पिकनिक स्पॉटवर नाही तर अभयारण्यात चाललोय आणि तिथे वन्यजीव कायदा लागू आहे, हे बऱ्याच लोकांना नाक्यावर पावती फाडेपर्यंत माहीतच नसतं.

काजवे सगळ्याच झाडांवर सारखे बसत नाहीत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ह्यांच्यावर जास्त दिसतात. गावातल्या पोरांना नेमकी झाडं माहीत असतात, वर्षानुवर्षं तीच.

मुंबईहून येताना कसारा, इगतपुरी, घोटी, तिथून बारीवरून शेंडी. पुण्याहून नारायणगाव-आळेफाटा करून संगमनेर किंवा कोतूळच्या बाजूने राजूर आणि मग शेंडी. स्वतःची गाडी नसेल तर इगतपुरीपर्यंत रेल्वे आणि पुढे घोटीहून एसटी किंवा जीप, जरा चौकशी करावी लागते पण होतं. चार जण असाल तर चार गाड्या आणू नका, एकच आणा. दहा-बारा जण असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर करा. जितकी चाकं कमी तितके हेडलाइट कमी, इतका साधा हिशोब आहे.

आता ते दुसऱ्या जागेचं. काजवे फक्त भंडारदऱ्यालाच असतात असं अजिबात नाही. सह्याद्रीच्या अख्ख्या पट्ट्यात, जिथे झाडी, ओल आणि काळोख तिन्ही शिल्लक आहेत तिथे ते आहेत. तुमचं स्वतःचं गाव मावळात असेल, जुन्नरला असेल, जव्हारला, कोकणात घाटाच्या पायथ्याला असेल तर आधी तिकडे जाऊन बघा, आजीला विचारा कुठल्या ओढ्याला काजवे लागायचे. कदाचित अजूनही लागत असतील. आणि तशी जागा सापडली तर कृपा करून लोकेशन टॅग करून टाकू नका. फोटो टाका, वर्णन टाका, पण पिन टाकू नका. व्हायरल झाल्यावर छोट्या जागेचं दोन सीझनमध्ये काय होतं ते बघितलंय सगळ्यांनी.

राहायचं कुठे

ह्यावर थोडं जास्त लिहिते कारण अर्धा परिणाम इथेच ठरतो.

एक प्रकार म्हणजे जलाशयाच्या काठाला तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, रात्री म्युझिक आणि "काजवे दाखवणे फ्री". दुसरा प्रकार म्हणजे गावात कोणाच्या तरी घरी उतरायचं, त्यांच्या पडवीत झोपायचं, त्यांच्या घरचं जेवायचं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण फक्त पैसा गावात राहतो एवढंच नाही. ज्या घराला काजव्यामुळे मेच्या शेवटी चार पैसे मिळतात ते घर हिरड्याचं झाड तोडू देत नाही, वणवा दिसला की विझवायला धावतं, रस्त्यावर आणखी दिवे लावायची गोष्ट निघाली तर ग्रामसभेत उठून बोलतं. बाहेरून येऊन महिनाभर जागा भाड्याने घेणाऱ्याला ह्यातलं काहीच करायची गरज नसते, त्याला पुढच्या वर्षी दुसरा डोंगर असतो.

बुक करताना फोनवर हे प्रश्न विचारा, लाजू नका: रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवता का? स्पीकर लावता का? शेकोटी करता का? काजवे बघायला गाडीतून नेता की चालत? चालत नेतो, दिवे बंद असतात, स्पीकर नसतो असं उत्तर आलं तर तिथे जा. गाडीतून सगळी झाडं फिरवून आणतो असं म्हणाले तर दुसरीकडे बघा. आणि दरात घासाघीस करू नका. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, आमटी, ठेचा, वर कैरी, आणि चुलीवर हे सगळं तुमच्या दहा जणांसाठी संध्याकाळी एक-दोन बायका करत असतात, शहरातल्या एका पिझ्झ्याच्या पैशात जेवण मागायचं म्हणजे अन्याय आहे.

अजून एक गोष्ट. हे दिवस पेरणीच्या तोंडावरचे असतात. भाताच्या रोपासाठी राब (रोपाच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजून झालेला असतो, पाऊस कधी येतो ह्याकडे गावाचे डोळे लागलेले असतात. तेव्हा मोकळं दिसतंय म्हणून खाचरात गाडी घालू नका, बांध मोडू नका. आणि पाणी. धरण समोर दिसत असलं तरी बऱ्याच वाड्यांवर मेअखेरीस पाण्याची ओढाताण असते, बायका लांबून हंडे आणतात. एक रात्र अंघोळीविना काढा. खरंच काढा.

बॅगेत काय घ्यायचं

बॅटरी माणशी नाही, चार माणसांत एक पुरे. तिच्या काचेवर लाल जिलेटीन पेपरचे दोन-तीन थर रबरबँडने बांधा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. लाल मंद उजेडाचा काजव्यांना पांढऱ्यापेक्षा बराच कमी त्रास होतो आणि आपले डोळेही काळोखाला सरावलेले राहतात. हे घरी बांधून निघा, तिथे जाऊन कोणी बांधत नाही.

पूर्ण बाह्यांचे कपडे, फुल पँट, घोट्यापर्यंतचे बूट. चप्पल, सँडल नको, फुरसं, मण्यार, घोणस हे सगळे तिथले रहिवासी आहेत आणि पहिल्या पावसात बाहेर पडतात. मच्छर मारायचे स्प्रे आणि कॉइल जंगलात नको, मच्छर मारणारं औषध काजव्यालाही मारतं, कपड्यांनीच अंग झाका. रेनकोट, पाण्याची स्वतःची बाटली, स्वतःचं ताट-वाटी आणि पेला (खरंच न्या, थर्माकोलचा अर्धा कचरा तिथेच वाचतो), एक रिकामी जाड पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी. रोख पैसे, कारण रेंज गेली की यूपीआय गेलं.

नाक्यावर

अभयारण्यात शिरताना शेंडी आणि मुतखेलच्या बाजूला वनखात्याचे नाके आहेत, तिथे माणशी आणि गाडीची फी भरून पावती घ्या. रात्री किती वाजेपर्यंत आत सोडायचं, कुठला रस्ता बंद ठेवायचा ह्याचे नियम काजव्याच्या सीझनमध्ये वेगळे निघतात आणि दरवर्षी बदलू शकतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी किंवा वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या. दारू, फटाके, स्पीकर नाक्यावर काढून घेतले तर वाद घालू नका, तो पोरगा त्याची ड्यूटी करतोय आणि रात्रभर शेकडो गाड्यांशी एकटा भांडतोय.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ

उजेडात पोचा. ही पहिली अट. चार-पाच वाजेपर्यंत गाडी मुक्कामाच्या अंगणात लागली पाहिजे आणि सकाळपर्यंत ती हलता कामा नये. जे लोक पुण्या-मुंबईहून दुपारी उशिरा निघून रात्री नऊला पोचतात, फिरतात आणि रात्रीच परततात, ते संपूर्ण वेळ हेडलाइट लावूनच फिरत असतात, त्यांनी काजव्यांचं सगळ्यात जास्त नुकसान केलेलं असतं आणि स्वतः सगळ्यात कमी बघितलेलं असतं.

गाडी लावताना तोंड झाडांकडे, जंगलाकडे नको. आजकालच्या गाड्यांचे लाइट आपोआप लागतात, दार उघडलं की आतला दिवा लागतो, रिमोटने लॉक केलं की चारी इंडिकेटर चमकतात, हे सगळं लक्षात ठेवा. जे काही हवंय ते उजेड असतानाच गाडीतून काढून घ्या, म्हणजे रात्री गाडी उघडायची वेळच येत नाही.

अंधार पडायच्या आधी गावातल्या वाटाड्याबरोबर ती वाट एकदा चालून या. कुठे खड्डा, कुठे ओढा, कुठे उभं राहायचं हे दिवसा कळलं की रात्री बॅटरी लागत नाही. वाटाड्या घ्याच, त्याचे पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या. ह्याच वेळी वाटेवर करवंदं, जांभळं घेऊन बसलेली मुलं, आज्या दिसतील, त्यांच्याकडून घ्या.

मग साडेसातच्या सुमाराला निघायचं. मोबाइल सायलेंट आणि खिशात, ब्राइटनेस एकदम खाली. स्मार्टवॉच काढून ठेवा, हात हलवला की ते उजळतं. लहान मुलांचे टाचेत लाइट लागणारे बूट असतात ते तर अजिबात नको, साधे घाला. सिगरेट नको. ठरलेल्या जागी पोचलात की थांबा आणि काहीच करू नका. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि नवीन लोक इथेच चुकतात, पाच मिनिटांत "काहीच नाहीये" म्हणतात आणि बॅटरी मारतात, की परत शून्यापासून सुरुवात, त्यांची आणि बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांची. धीर धरा. आधी एखाद-दुसरा लुकलुकतो, मग एक फांदी, मग झाड, आणि मग शेजारचं झाडही त्याच लयीत येतं.

वाट सोडू नका. हे पुन्हा पुन्हा सांगायचं कारण असं की आपलं लक्ष वर झाडाकडे असतं आणि पाय खाली गवतात, जिथे माद्या असतात, अंडी असतात, अळ्या असतात. मेक्सिकोत त्लाश्काला राज्यात काजव्यांचं असंच मोठं पर्यटन आहे, तिथल्या जातीच्या मादीला उडताच येत नाही, त्यामुळे वाट सोडून चालणाऱ्या माणसांच्या पायाखाली त्या चिरडल्या जातात म्हणून अभ्यासक ओरडून सांगतायत. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या नॅशनल पार्कात तर काजव्यांच्या दिवसांत गाडीच्या पासची चक्क लॉटरी काढतात, नाव लागलं तरच प्रवेश. आपल्याकडे अशी लॉटरी आली तर मी तिचं स्वागतच करेन, नाव नाही लागलं तरी.

झाड हलवायचं नाही, फांदी तोडायची नाही, काजवा पकडून बाटलीत भरायचा नाही, टाळ्या-शिट्ट्या नाहीत. बोलायचं असेल तर हळू आवाजात. अंगावर येऊन बसला तर बसू द्या, आपोआप उडतो.

आणि विजा. वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो, लखलखाट सुरू झाला की झाडाखालून, उघड्या सड्यावरून सरळ घरी या, काजवे उद्या बघू. साडेनऊ-दहापर्यंत परत फिरा. तास-दीड तास मनसोक्त बघितलं की पुरे असतं, रात्रीचा उरलेला वेळ त्यांचा आहे.

फोटोचं

पहिल्यांदाच जात असाल तर माझा सल्ला, फोटो काढूच नका. मोबाइलमध्ये काही येत नाही आणि प्रयत्नात फ्लॅश उडतो. ते व्हायरल फोटो बहुतेक वेळा एकाच जागी कॅमेरा लावून काढलेल्या कित्येक फोटोंना एकावर एक जोडून बनवलेले असतात, डोळ्यांना तसं एका क्षणी कधीच दिसत नाही. हे माहीत नसलं की माणूस तिथे जाऊन हिरमुसतो.

ज्यांना कॅमेरा येतो त्यांच्यासाठी: ट्रायपॉड दिवसा उजेडातच लावून फोकस मॅन्युअलला लॉक करा, ऑटोफोकसला मदत करणारा तो छोटा दिवा सेटिंगमधून बंद करा, मागच्या स्क्रीनचा प्रिव्ह्यू बंद, कॅमेऱ्यावरचे बारीक लाल-हिरवे लाइट काळ्या टेपने झाका. आयएसओ १६०० ते ३२०० आणि एक्स्पोजर १५ ते ३० सेकंद इथून सुरुवात करा. फोरग्राउंड दिसावा म्हणून झाडावर बॅटरी फिरवणारे फोटोग्राफर असतात, तसला फोटो कितीही सुंदर आला तरी तो काढू नये. ड्रोन तर नाहीच, अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

लहान मुलं

न्या, जरूर न्या. फक्त आधी घरी दिवे बंद करून अर्धा तास काळोखात बसायची सवय करून घ्या, काळोखाला घाबरलेलं मूल रडतं आणि मग आई-बाबा मोबाइलचा टॉर्च लावतातच. त्यांना आधी काजव्याची गोष्ट सांगा, अळी, गोगलगाय, नर-मादीचं बोलणं. मुलं नियम मोठ्यांपेक्षा चांगले पाळतात असा माझा अनुभव आहे, एकदा कारण कळलं की तीच बाकीच्यांना दटावतात.

सकाळी

कचरा तुमचा तुम्ही उचला आणि घरापर्यंत न्या, गावाच्या कचराकुंडीत टाकू नका, कारण त्या गावांत कचरा उचलायला रोज गाडी येत नाही, तो तिथेच जाळला जातो. वेळ असेल तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन या (पावसाची लक्षणं असतील तर आत उतरू नका). निघताना घरमालकांना विचारा की तांदूळ, नागली, वरई विकायला आहे का. असते बऱ्याचदा.

कोणी चुकीचं वागताना दिसलं तर

आधी शांतपणे बोला. "दादा, तेवढा लाइट बंद करता का, काजवे विझतायत" एवढं म्हटलं तर बरेच जण लगेच बंद करतात, त्यांना खरंच माहीत नसतं. कोणी दारू पिऊन गोंधळ घालत असेल तर स्वतः भिडू नका, वाटाड्याला आणि नाक्यावर सांगा. जंगलात आग, झाडतोड, प्राण्यांना त्रास असं काही दिसलं तर वनखात्याची १९२६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा. मारामारी, अपघात असेल तर ११२. स्पीकरला तर रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेच बंदी आहे, हे अभयारण्याबाहेरच्या कॅम्पवाल्यालाही सांगता येतं.

परत आल्यावर ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला दोन ओळींचं पत्र किंवा मेल टाका, काय चांगलं दिसलं, कुठे दिवे जास्त होते, कुठे गाड्या झाडाखाली लागल्या होत्या. पर्यटकाने लिहिलेल्या पत्राला वजन असतं, कारण उत्पन्न पर्यटकाकडून येतं. "आम्ही काळोखासाठी येतो, दिवे लावलेत तर येणार नाही" हे पाच-पन्नास जणांनी लिहिलं तर रस्त्यावर हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) लावायच्या आधी कोणीतरी विचार करेल.

आणि पाऊस आधीच आला तर

हे होतं, काही वर्षी मान्सून मेमध्येच येऊन थडकतो आणि तुमच्या तारखेला गावातून फोन येतो की काजवा संपला. अशा वेळी "आता आलोय तर दाखवाच" म्हणून हट्ट करू नका, पोरं मग दोन-चार उरलेले काजवे शोधायला बॅटऱ्या घेऊन झाडं धुंडाळतात. जाणं रद्द केलंत तर दिलेला ॲडव्हान्स परत मागू नका, तुमच्यासाठी तांदूळ-डाळ भरून ठेवलेली असते. त्याऐवजी तेच बुकिंग जुलैत सरकवा, लावणीच्या दिवसांत, रविवार सोडून. ते त्यांना आनंदाने चालतं, आणि पुढच्या मेमध्ये काजवा लागला की पहिला फोन तुम्हालाच येतो.